कढी सांडू न देणारी गाडी

माझ्या मामेसासऱ्यांइतकं आयुष्य गाडीच्या पोटाखाली काढलेला माणूस अख्ख्या सुरतेत दुसरा नसेल. लग्नानंतर त्यांच्या पाया पडायला मी भेस्तानला त्यांच्या घरी गेलो, तेव्हा मला त्यांचे फक्त पायच दिसले; बाकीचे मामा मोटारीखाली होते. मी वाकून नमस्कार केला, तसा आतून आवाज आला, "सुखी राहा जावईबापू! आन् तो तेरा नंबरचा पाना जरा इकडे सरकवा."

मामा मूळचे धुळ्याकडचे, कापड कारखान्यात लूम दुरुस्त करणारे जॉबर. शंभर लूमच्या खडखडाटात नेमका कुठला आजारी आहे, हे ते डोळे मिटून सांगत. ती गोल पाठीची जुनी मोटार त्यांच्या शेठने मोडीत काढली होती. मामांनी ती घरी आणली आणि थोरल्या लेकासारखी वागवली. पावसात छत्री तिच्यावर धरत आणि स्वतः भिजत. नव्वदीच्या त्या वर्षांत गल्लीत घरोघरी केबल लागली, पण मामा संध्याकाळभर इंजिनाचा आवाज ऐकत बसत. मामी चहाचा कप बॉनेटवर ठेवून जात.

त्यांच्या मुलीचं, वैशालीचं, लग्न ठरलं ते धुळ्याला, नवरदेवाच्या घरी. नवरीला आपल्याच गाडीतून न्यायचं, हे मामांनी साखरपुड्यालाच जाहीर केलं. वैशाली मात्र रडकुंडीला आली. गाडीचे मागचे, धक्के झेलणारे कमानीचे पाटे झिजून सपाट झाले होते, एक तर चक्क तुटला होता. खड्डा आला की गाडीची शेपूट जमिनीला टेकायची. "पप्पा, मी पाहुण्यांच्या बसने येते. तुमच्या गाडीत मला उलट्या होतात," ती म्हणाली.  दुसऱ्या दिवशी आठ दिवसांची रजा टाकून मामा गाडीखाली शिरले.

तो आठवडा म्हणजे मामांच्या घरातलं खरं लग्न! मामींनी पापड वाळत घातलेल्या चादरीच्या दुसऱ्या टोकाला मामांनी धुतलेले पाटे वाळत घातले. सांध्यांतल्या रबरी कड्यांचा, बुशांचा, चिवडा झाला होता, तो येईल त्या पाहुण्याला दाखवला. मग मामा आणि मी पाटे घेऊन कतारगामला एका म्हाताऱ्या लोहाराकडे गेलो. "भाई, नवा लई लो ने!" नवेच घ्या की, असं तो वैतागून म्हणाला. "नवा तो बधा लई शके!" नवे तर कुणीही घेईल, असं मामा ताठ मानेने म्हणाले. तुटलेल्याच्या जागी मात्र नवा घ्यावाच लागला. बाकीचे लोहाराने भट्टीत लाल केले, ठोकून पुन्हा बाक दिला आणि तेलात बुडवले. चर्र आवाज झाला तसे मामा आनंदाने टाळ्या वाजवू लागले.

पाटे बसवले आणि परीक्षेची वेळ आली. हजिऱ्याच्या रस्त्यावर मामांनी मला मागच्या सीटवर बसवलं आणि मांडीवर काठोकाठ भरलेलं कढीचं पातेलं ठेवलं.

"मामा, पाणी चाललं नसतं?"

"पाण्याचा डाग दिसत नही, जावईबापू!"

पहिल्याच खड्ड्यात अर्धी कढी माझ्या पँटवर आली. डावी बाजू दोन बोटं उंच बसली होती. मामांनी घरी येऊन सगळं पुन्हा सोडलं, पुन्हा बांधलं. दुसऱ्या फेरीत थेंब सांडला नाही. मामा रस्त्यात गाडी थांबवून उतरले आणि ट्रकवाल्यांच्या देखत त्यांनी मला मिठी मारली. पातेल्यातली कढी आम्ही तिथेच पिऊन टाकली.

लग्नाला निघालो, तेव्हा वैशाली पुढ्यात पिशवी धरूनच बसली होती. बारडोली मागे पडली आणि तिची मान झोपेत माझ्या बायकोच्या खांद्यावर कलली. नवापूरच्या चढणीवर मी चहासाठी थांबू या म्हणालो. आरशात मागे पाहून मामा कुजबुजले, "थांबलो तं उठी जाई ती." पार धुळ्यापर्यंत ते थांबले नाहीत.

परतताना बाकी सगळे बसने गेले. गाडीत मामा आणि मी, दोघंही पुढे. गाडी प्रत्येक खड्ड्याला मागून ताडकन उडत होती. मी घाबरून विचारलं, "मामा, पाटा गेला की काय?"

"नही," मामा आरशात मागे पाहत म्हणाले. "पाटा चांगला शे. मागे वजन नही ना आता."

आणि त्यांनी गाडी अगदी हळू घेतली.