यादीतला तिसरा

येंगदो बेटाच्या चढावर मालसुन नवी नवरी म्हणून आली, त्या वर्षी सार्वजनिक नळाच्या भिंतीआड उभी असताना तिने एक भांडण ऐकलं. नळ पहाटे दोन तास सुटायचा, एरवी त्याला कुलूप. किल्लीवाली बाई एका विधवेवर तुटून पडली होती.

"कुलूप निघायच्या आधीच तुझे डबे भरलेले कसे गं असतात? आभाळ गळतं काय तुझ्या घरात?"

विधवा गप्प.

"बोल की! का दातखीळ बसली?"

विधवेने कावड खांद्यावर घेतली आणि खाली मान घालून पायऱ्या चढून गेली. रांगेतल्या बायकांनी एकमेकींकडे बघून माना हलवल्या. बोलली नाही म्हणजे हीच. खरं काय ते बघायला तिच्या घरापर्यंत कुणी गेलं नाही. मालसुन तेव्हा एकवीस वर्षांची होती, शाळेचं तोंड दोन वर्षांपुरतं पाहिलेली. असं फुकटचं शहाणपण कानावर पडलं तर कोण सोडतं? तिने ते गाठीला बांधलं, की चोराला वाचा नसते.

पुढे सत्तावन्न वर्षं ते गाठीलाच होतं. गाठ सोडून वापरलं ते प्यो मानसुवर.

प्यो मानसु त्याच इमारतीत राहायचा, अर्धी जमिनीत आणि अर्धी वर अशा तळाच्या खोलीत. मालसुन दुसऱ्या मजल्यावर. प्योने तीस वर्षं या चढावर गॅसच्या टाक्या पोचवल्या होत्या. जिथे मोटारसायकल चढत नाही तिथे टाकी खांद्यावर. त्यामुळे त्याचा उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली उतरलेला. नवा शिंपी शर्टाचं माप घेताना चक्रावायचा, तेव्हा प्यो म्हणायचा, "तुझी पट्टी बरोबर आहे बाबा, माणूस वाकडा आहे." बायको जाऊन नऊ वर्षं झालेली. एकुलती मुलगी सोनमी उल्सानला, आणि तिची तीन वर्षांची पोर म्हणजे प्योचा जीव की प्राण.

बोलणं बेताचंच. पण मालसुनचे गुडघे गेले तेव्हापासून इमारतीचा ओल्या कचऱ्याचा डबा त्याने आपल्याकडे घेतला. संध्याकाळी डबा रस्त्याला नेऊन ठेवायचा, गाडी येऊन गेली की सकाळी परत आणायचा, पाइप लावून धुवायचा आणि भिंतीला उपडा टेकवायचा. कुणी सांगितलं नव्हतं. त्याचे आभार मानायचंही कुणाला सुचलं नाही. रोजच्या भाताचे आभार कोण मानतं?

त्या ऑक्टोबरात मालसुनचा टीव्ही अडखळायला लागला. मालिकेतली सासू सुनेच्या कानाखाली मारायला हात उचलायची आणि हात तिथेच राहायचा. इंटरनेटवाला आला. खिडकीतून आलेली वायर झिजली होती, ती त्याने बदलली. टीव्ही सुरळीत झाला. तो तेवढ्यावर गेला असता तर बरं होतं. पण मालसुनने त्याला कॉफी पाजली, आणि कॉफी प्यायलेल्या माणसाला वाटतं आणखी काहीतरी करावं. त्याने तिच्या फोनवर एक ॲप टाकून दिलं.

"हे बघा आजी, तुमचं वायफाय कोणकोण वापरतंय ते यात दिसतं. हा टीव्ही. हा तुमचा फोन. आणि हे तिसरं काय?"

तिसऱ्या ओळीत नाव नव्हतं. नुसती अक्षरं आणि आकडे, आगगाडीसारखे लांबलचक.

"माझ्याकडे तिसरं काही नाही."

"मग कुणीतरी बाहेरचं घुसलंय. पासवर्ड बदलून देऊ का?"

"नको," मालसुन म्हणाली. "कुलूप बदललं तर चोर कळणार कसा?"

इंटरनेटवाला हसला आणि गेला. दुखणं बरं झालं होतं, संशय तेवढा घरात राहिला.

तेव्हापासून ती जेवणाआधी आणि जेवणानंतर, औषधाच्या गोळीसारखी ती यादी बघू लागली. पहाटे बघितली, तिसरा हजर. दुपारी बघितली, तिसरा हजर. "हा माणूस झोपतो तरी कधी?" असं तिच्या मनात एकदा आलं होतं. त्याच विचारावर ती जरा थांबली असती तर? पण त्याच आठवड्यात तिने प्योला जिन्यात पाहिलं. तिच्या दाराच्या दोन पायऱ्या खाली तो भिंतीला टेकून उभा होता, फोन तोंडासमोर धरून. रोज संध्याकाळी सातला तो तिथे असतो हे तिला माहीत होतं. आज त्याचा अर्थ लागला असं तिला वाटलं.

"भाऊ," ती वरून म्हणाली, "माझं वायफाय तुम्ही वापरता का हो?"

प्योने मान वर केली. फोनकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, परत फोनकडे बघितलं. कानापर्यंत लाल झाला. तोंडातून शब्द नाही.

बस. मालसुनला आणखी पुरावा नको होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्यो संत्र्यांची पेटी घेऊन दारात आला आणि कमरेत वाकला.

"ताई, मला त्यातलं काही कळत नाही. फोन दुकानातल्या माणसाने लावून दिलाय. तळात रेंज येत नाही म्हणून नातीशी बोलायला वर येतो. या फोनने परस्पर काही घेतलं असेल तर चूक माझीच. आता बंद करून ठेवतो."

"बघा म्हणजे झालं," मालसुन म्हणाली. पेटी तिने ठेवून घेतली. संत्री गोड होती.

पण यादीत तिसरा होताच. त्या दुपारी होता, दुसऱ्या दिवशी होता, आठवड्याने होता. आता तिला चोरीपेक्षा खोटेपणा जास्त झोंबला. वाकून माफी मागायची, संत्री द्यायची, आणि खाली बसून तेच चालू! तिसऱ्या मजल्यावरच्या मोवहिनीला तिने सगळं सांगितलं. मोवहिनी म्हणजे दुसऱ्याच्या चुलीवर आपली फुंकणी घेऊन धावणारी बाई.

"अहो आजी, अशा माणसाला तोंडी सांगून भागत नाही. कागद लावा फाटकावर."

"माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय."

"मी छापून आणते की!"

आणला. मोठ्या अक्षरांत: 'खोली १०१ मध्ये राहणाऱ्या सद्गृहस्थांनी दुसऱ्याचे वायफाय चोरणे त्वरित थांबवावे. वयाला हे शोभत नाही. खोली २०१.'

चढावर जाणारा-येणारा प्रत्येक जण तो कागद वाचायचा. मासेवाली वाचायची, पोस्टमन वाचायचा. प्यो मात्र रोज त्याच्याखालून डबा घेऊन जायचा. एकदा पावसाने कागदाचा कोपरा सुटला आणि फडफडायला लागला. मालसुन खिडकीत होती. प्यो थांबला. कागदाकडे बघितलं. आणि अंगठ्याने तो कोपरा दाबून नीट चिकटवला. मग डबा उचलून गेला.

मालसुन तो चिकटवलेला कोपरा बराच वेळ बघत राहिली. पण तिने मनाला समजावलं, की नाटकं सगळी.

नोव्हेंबर सरत आला तसा हिवाळ्याची किमची, म्हणजे कोबीचं तिखट लोणचं, घालायचा दिवस ठरला. चाळीस कोबी. मुलगा तेसिक नोकरीत अडकलेला, सून युनजंग तेवढी चांगवनहून आली. दरवर्षी कोबीची पोती प्यो वर चढवायचा. या वर्षी त्याला कुणी बोलावलं नव्हतं. तरी सकाळी दार उघडलं तर चारही पोती दाराशी रचलेली. घंटासुद्धा वाजवली नव्हती.

"प्योकाका आले वाटतं," युनजंग म्हणाली. "त्यांचा वाटा वेगळा काढते हं आई."

"त्याला वाटा नाही."

"का हो?"

"हात चालव."

मसाला कालवून झाला. नवी किमची ठेवायची म्हणून मागच्या बाल्कनीतला खास किमचीचा वेगळा फ्रीज पुसायला घेतला. युनजंगने त्याची पिन काढली. दोघी हात कोपरापर्यंत लाल करून बसल्या होत्या, तेवढ्यात तेसिकचा फोन आला. युनजंगने बोटाच्या पेराने तो स्पीकरवर टाकला.

"आई, फ्रीज बिघडला का?"

"नाही, पुसायला बंद केलाय. पण तुला चांगवनमध्ये बसून कसं कळलं?"

तेसिक जरा घुटमळला. "अगं, मागच्या हिवाळ्यात बसवला ना, तेव्हाच तो वायफायला जोडून ठेवलाय. दार उघडलं की मला फोनवर दिसतं. दोनदा उघडलं की समजतो, आई दोन वेळा जेवली."

"मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर लगेच काढायला लावलं असतंस. 'मी काय कैदी आहे?' म्हणाली असतीस."

म्हणाली असती हे खरं. पण मालसुन आता ऐकत नव्हती. तिने मसाल्याचे हात तसेच ॲप्रनला पुसले आणि ॲप उघडलं. टीव्ही. फोन. तिसरी ओळ नाही. "पिन लाव," ती म्हणाली. युनजंगने लावली. थोड्या वेळाने ती आगगाडी परत रुळावर येऊन उभी राहिली.

काखेत कळसा म्हणतात तो असा. चाळीस दिवस तिने ज्याच्यावर पाळत ठेवली तो तिच्याच बाल्कनीत बसून तिचीच मुळ्याची किमची गार करत होता. एरवी ती या गोष्टीवर पोट धरून हसली असती. तिला त्या पावसातला अंगठा दिसला, आणि ती बाल्कनीच्या लादीवर तशीच बसून राहिली.

"आई, बरं वाटत नाहीये का?"

"युनजंग," ती म्हणाली, "माझ्या हातून फार वाईट झालंय गं."

तिने एक मोठा डबा भरला. कोबीचे आतले, कोवळे गड्डे, भरपूर कालवं, वर उकडलेलं डुकराचं मांस वेगळ्या पानात. सून बरोबर येते म्हणाली तर तिला नको म्हणाली. गुडघ्यांना शिव्या देत, कठडा धरून ती तळापर्यंत उतरली. सगळ्या पायऱ्यांवर काय बोलायचं ते जुळवत होती आणि दार उघडलं तेव्हा एकही शब्द जागेवर नव्हता.

दार सोनमीने उघडलं. मागे खोलीत खोकी भरलेली.

"हे काय? कुठे निघालात?"

"बाबांना घेऊन चाललेय उल्सानला," सोनमी म्हणाली. आवाज कोरडा. "महिनाभर यांचा फोन बंद. मी जिवाला घोर लावून बसले. शेवटी सुट्टी टाकून आले तर हे बसलेत भात खात! म्हणे, फोन लोकांचं काहीतरी चोरतो म्हणून बंद केलाय. फाटकावरचा कागद वाचला मी, आजी. आता यांना एकटं ठेवायचा धीर नाही माझ्यात. खोली सोडतोय म्हणून घरमालकांना कळवलंय. परवा सकाळी ट्रक येईल."

मालसुनने डबा खाली ठेवला. मग दुखरे गुडघे टेकून ती उंबऱ्यातच बसली. वयाने धाकट्या माणसापुढे गुडघे टेकलेलं या चढावर कुणी पाहिलं नसेल.

"भाऊ, तुम्ही नव्हता. माझा किमचीचा फ्रीज होता. मेल्या पोराने मला न सांगता जोडून ठेवलेला. मी न बघता तुम्हाला चोर केलं. वर कागद लावला."

"ताई, उठा, उठा! गुडघे!" प्यो धडपडत पुढे आला. त्याने तिला दंडाला धरून उठवलं, जमिनीवरच्या उशीवर बसवलं. मग तिच्यासमोर बसला आणि बराच वेळ काही बोलला नाही. तिलाही त्याच्या गप्प राहण्याचा कसला अर्थ लावायची हिंमत झाली नाही.

"म्हणजे मी नव्हतोच?" तो शेवटी म्हणाला.

"नव्हताच."

"मला वाटायचं, हा फोन बंद असतानाही चोरतोय की काय. शेवटी बॅटरी संपवून तांदळाच्या पिंपात ठेवला."

"बाबा!" सोनमी म्हणाली आणि तोंड फिरवून खिडकीकडे बघू लागली.

"मग आता चालू करू का ताई?"

असं त्याने विचारलं. परवानगी मागितल्यासारखं. मोवहिनीने छापलेल्या सगळ्या अक्षरांपेक्षा हे सहा शब्द मालसुनला जड गेले. तिने नुसती मान हलवली.

"सोनमी," थोड्या वेळाने ती म्हणाली, "राहू दे गं यांना इथे. या चढावर जन्म गेलाय त्यांचा. मी बघेन त्यांच्याकडे."

"तुम्ही बघितलंत की, आजी," सोनमी म्हणाली.

"गप गं," प्यो म्हणाला. "किमची उघड. ताईंच्या हातची आहे."

त्या संध्याकाळी मालसुनने फाटकावरचा कागद काढला. मोवहिनी जिन्यात भेटली.

"काढला? ऐकलं वाटतं त्याने!"

"चोर मीच निघाले. माझा फ्रीज होता."

"अगंबाई! मग कशाला बोलताय मोठ्याने? काढला कागद, संपलं."

"फाटकावर नाव घालवलं ना त्याचं? मग फाटकावरच परत लागायला पाहिजे."

"आणा मग, छापून देते."

"नको. या खेपेला माझे कोंबडीचे पायच बरे."

वृद्धांच्या वर्गात तिने साठाव्या वर्षी अक्षरं गिरवली होती. तीन कागद फुकट घालवून चौथा तिने लावला: 'खोली १०१ च्या प्यो मानसु यांनी काही चोरले नाही. माझाच किमचीचा फ्रीज होता. मी न बघता आरोप केला. मला लाज वाटते. खोली २०१, मालसुन.' मासेवाली दुसऱ्या दिवशी ते वाचून मोठ्याने हसली. मालसुन खिडकीत उभी राहून ते हसणं शेवटपर्यंत ऐकत राहिली, आत गेली नाही.

परवाचा दिवस उजाडला. ट्रक चढावर आडवा लागला, मागची टॅक्सी हॉर्न मारायला लागली. खोली ती केवढी, खोकी अकराच. युनजंग परत गेली होती. मालसुन जाड कोट घालून फाटकाशी येऊन थांबली. हातात त्यांना वाटेत खायला केलेली भाताची रोलं, फॉइलमध्ये गुंडाळलेली. तिला अजून काहीतरी म्हणायचं होतं, पण माफी दोनदा मागितली की ती मागणाऱ्याच्याच सोयीची होते, एवढं आता तिला कळत होतं.

"बाबा, चला! ड्रायव्हर ओरडतोय!"

"आलो."

प्यो ट्रककडे गेला नाही, उतारावर खाली गेला. कोपऱ्यावर ओल्या कचऱ्याची गाडी येऊन गेली होती. तो डबा उचलून वर आला. नळाला पाइप लावला, झाकण उघडलं, आतून धुतला, पाणी गटारात ओतलं, परत धुतला. टॅक्सीवाला काच खाली करून काहीतरी बोलला. प्योने त्याला हात जोडले. मग डबा भिंतीला उपडा टेकवला, पाइप गुंडाळून खिळ्याला अडकवला आणि ओले हात पँटला पुसत ट्रकमध्ये चढला.