पाइपवरचा तळहात

सकाळी उठल्यावर काकू देवाच्या आधी पाइपला हात लावायच्या. तळघरातून एक जाडसर पाइप स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात वर यायचा. आजारी मुलाच्या कपाळावर ठेवावा तसा तळहात त्यावर टेकवून त्या क्षणभर थांबायच्या आणि जाहीर करायच्या, "ताप आहे." म्हणजे खाली तेलावरचा बॉयलर चालू आहे, गरम पाणी घरभर फिरतंय, आणि दिवस सुरू करायला हरकत नाही.

स्टेट कॉलेज नावाच्या अमेरिकन गावातल्या त्यांच्या घरात मी वरची खोली भाड्याने घेतली होती. मी फार बोलत नाही, हे मी पहिल्याच दिवशी चाचरत सांगितलं. "बरंच झालं," त्या म्हणाल्या. "बोलायला घरात रेडिओ आहे."

काकूंचा विषय निघाला की इथली मराठी मंडळी अजूनही "बिचारी" म्हणतात. नवरा गेला, मुलगा दूर अ‍ॅशबर्नला, एवढ्या जुन्या घरात एकटी. तुम्हीही कुणाबद्दल तरी असं म्हणत असाल. माझा स्वभाव मधे बोलण्याचा नाही, पण हे ऐकलं की मी बोलते. काकू एकट्या राहायच्या. बिचारी वगैरे काही नव्हत्या.

निवृत्त होईपर्यंत त्या शाळेची पिवळी बस चालवत. "मागे पोरं किंचाळतायत, पुढे उतार, उतारावर बर्फ," त्या सांगायच्या. "तिथे मी घाबरले नाही. आता एका तळघराला घाबरू?"

हे उत्तर असायचं मुलाला. तो इथेच जन्मलेला, आईवर मनापासून जीव असलेला, आणि म्हणूनच तिला अ‍ॅशबर्नला न्यायच्या मागे लागलेला. त्याच्या नव्या घरात तिच्यासाठी खोली तयार होती. बॉयलर म्हातारा, जिने उभे, आई त्याहून म्हातारी, असा त्याचा हिशेब. त्या शरद ऋतूत सुट्टी काढून त्याने सगळं घर आतून पांढरं रंगवलं. "जस्ट टु फ्रेशन इट अप, आई." घर विकायला काढायची ती तयारी होती, हे आम्हा दोघींनाही कळत होतं.

"रंगव, राजा," काकू म्हणाल्या. "रंगवल्याने घर विकलं जात नाही."

डिसेंबरात एका रविवारी तो पुन्हा आला, खोल्यांचे फोटो काढले, तळघरातले काढले, आईच्या हातची आमटी जेवला आणि परत गेला. सोमवारी सकाळी काकूंनी पाइपवर हात ठेवला आणि बराच वेळ तो काढलाच नाही.

"ताप नाही."

खिडक्यांच्या आतून बर्फाची नक्षी उठली होती. काकूंनी नवऱ्याचा जुना कोट अंगावर चढवला आणि आम्ही खाली गेलो. तेलाच्या टाकीवरच्या काट्याला त्यांनी टिचकी मारली. काटा हलला, तेल होतं. फ्यूजचं कपाट उघडलं, सगळं जागच्या जागी. मग बॉयलरवरचं लाल बटण दाबलं. एकदाच. मी पुन्हा दाबायला हात पुढे केला तसा त्यांनी तो बाजूला केला.

"नाही. सारखं दाबलं की आत तेल साठत जातं. मग पेटलं की भडकतं. एकदा विचारायचं, मग ऐकायचं."

आम्ही ऐकलं. काहीही आवाज नव्हता.

तेलाच्या कंपनीने फोनवर सांगितलं, थंडीमुळे सगळीकडूनच बोलावणी आहेत, माणूस परवा येईल. एवढ्यात मुलाचाच फोन आला. काकूंनी खोटं बोलायचं टाळलं, आणि तेवढं त्याला पुरलं.

"आई, इनफ. इट्स फ्रीझिंग. मी उद्या येतोय. पॅक अ बॅग, प्लीज."

"आधी बघू तर."

"यू ऑल्वेज से दॅट. या वेळी नाही. तू येतेयस, अँड वी आर लिस्टिंग द हाउस."

फोन ठेवून काकू तळघराच्या जिन्याच्या खालच्या पायरीवर बसल्या. त्यांना मी असं बसलेलं पहिल्यांदाच पाहत होते. "एकदा गेले ना, की मला परत कोणी आणणार नाही," त्या म्हणाल्या. मग त्या स्वतःशीच पुटपुटल्या, "बिघडलेली बससुद्धा कुरकुरते गं. हा कुरकुरत पण नाही. म्हणजे याला करंटच पोचत नाहीये."

तेव्हा मला आठवलं. रविवारी मुलगा तळघरातून वर आला, तेव्हा मी स्वयंपाकघरात कप धूत होते. वर येताच त्याने न बघता, हाताच्या मागच्या बाजूने, भिंतीवरची बटणं खाली केली होती, म्हणजे इथल्या रीतीने बंद. अगदी काकू करतात तसं. मायलेकांच्या मधे तोंड घालावं का, याचा विचार मी केला. मग म्हटलं, "काकू, जिन्याच्या वर दोन बटणं आहेत. एक दिव्याचं. दुसरं कशाचं?"

"ते बॉयलरचं. पण त्याला कोणाचा हात लागत नाही, ह्यांनी टेप लावलीय त्याच्यावर. आपली माणसं ना, खोलीतून निघाली की सगळी बटणं बंद करत सुटतात. एकदा अख्खं हळदीकुंकू गारठलं होतं."

"टेप नाहीये, काकू."

त्या उठल्या आणि कठड्याला धरून वर गेल्या. दिव्याच्या बटणाशेजारी तितकंच पांढरं दुसरं बटण होतं. त्याच्याभोवतीच्या लाल पट्टीवर पांढरा रंग चढला होता, टेप रंगवताना काढली गेली होती, आणि बटण खाली होतं. काकूंनी ते वर केलं. तळघरात काहीतरी खाकरलं, घुरघुरलं, आणि धप्पकन पेटलं.

काकू हसायला लागल्या. हसता हसता डोळे पुसले. "लहानपणी एक दिवा चालू राहिला तर मी त्याला जेवणावरून उठवायचे," त्या म्हणाल्या. "चांगला शिकला."

मंगळवारी मुलगा रिकामी खोकी घेऊन आला. घरात शिरताच त्याचा चष्मा धुरकट झाला, इतकं ऊबदार होतं.

"दे फिक्स्ड इट?"

"मी फिक्स केलं. कोट काढ. पोहे खा."

"काय झालं होतं?"

"बटण बंद होतं."

"हू टर्न्ड इट ऑफ?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी पोह्यांच्या बशीकडे पाहिलं. "एका चांगल्या सवयीच्या माणसाने," त्या म्हणाल्या. "आणि हे बघ, ती खोकी ठेवून जा. मला लोणच्याच्या बरण्या ठेवायला लागतातच. मी जाईन तर इथूनच जाईन."

तो वाद घालायला तोंड उघडत होता. मग त्याने कोट काढला.

त्यानंतरचे हिवाळे त्यांनी त्याच घरात काढले, आणि म्हणाल्या होत्या तशा तिथूनच गेल्या. या जानेवारीत, झोपेत. सकाळी त्यांच्याऐवजी मी पाइपवर हात ठेवला. ताप होता.

सगळं आटोपल्यावर मुलगा आणि मी घराबाहेर पडायला निघालो. तो एकेक खोलीतली बटणं बंद करत आला. जिन्याच्या वर दिवा घालवला आणि त्याचा हात शेजारी थांबला. बटण सापडलं त्या सोमवारीच काकूंनी तिथे आपल्या बसच्या दिवसांतली भगभगीत नारिंगी टेप आडवी उभी चिकटवली होती.

"इट वॉज मी, राइट?" त्याने विचारलं.

मी होकाराने मान हलवली.

मग टेपचं सुटलेलं टोक त्याने अंगठ्याने दाबून पुन्हा नीट बसवलं, आणि आम्ही दार ओढून घेतलं. आत कोणी नव्हतं, सगळे दिवे बंद होते, आणि तळघरात बॉयलर चालू होता.