बाजरीच्या कणसांची पट्टी

"थांबा आक्का, आधी ऐकू द्या."

मिस्त्री कुठल्याही घरात गेले की त्यांचं पहिलं वाक्य हेच. चहा नंतर, माप नंतर. कानामागची पेन्सिल काढून खिशात ठेवायची, म्हणजे कान नीट टेकावा. मग मधलं बोट वाकवून दारावर नाहीतर भिंतीवर टकटक करायची आणि डोळे मिटून कान लावायचा. मधेच आपण काही बोलायला गेलो की त्यांचा हात वर! नाडी बघताना डॉक्टर गप्प बसवतात ना, तसं अख्खं घर गप्प व्हायचं.

सुतार तुम्हीही पाहिले असतील. आल्या आल्या टेप काढणारे, नाहीतर आधीच्या सुताराला नावं ठेवणारे. आधी ऐकून घेणारा मी तरी हा एकच पाहिला.

ते डिंगोऱ्याचे, आम्ही ओतूरचे. हत्यारांची पिशवी सायकलला बांधून यायचे. आमच्याकडे ते आले त्याला कारण झाले आमच्या ह्यांचे कान.

ह्यांची पिठाची गिरणी होती. तीस वर्षं त्या घरघरीत उभं राहून कान गेले. एकदम नाही हो, हळूहळू गेले. मंचरच्या डॉक्टरांनी कानाचं मशिन दिलं, तर ते शिट्टी मारायचं. दोन महिन्यांत कपाटात जाऊन पडलं. पण मला सगळ्यात वाईट कशाचं वाटायचं सांगू? चार माणसं बसलेली असली, कुणी काही गंमत केली, सगळे हसले, की हेही हसायचे. पण जरा उशिरा. लोकांची तोंडं बघून. पुढे पुढे तर माणसांत बसायलाच जाईनात. गिरणी बंद केली आणि तिच्याबरोबर हेही घरात बंद झाले.

तेव्हा आमचा मुलगा चाकणला कंपनीत होता. मोबाईल नवे नवे निघाले होते तो काळ. एका सुट्टीला तो होम थेटर घेऊन आला. पाच छोटे स्पीकर, एक मोठा डबा. ह्यांना ढोलकीचं वेड. तरुणपणी नारायणगावला तमाशाच्या राहुट्यांकडे सायकल मारत जायचे. गिरणीच्या रिकाम्या खोलीत मुलानं ढोलकीची सीडी लावली आणि आवाज वाढवत नेला. शेवटच्या टोकाला गेल्यावर ह्यांचा चेहरा उजळला.

आणि शेजारची मंदा दारात उभी राहिली.

"काकू, आमच्या मांडणीवरची भांडी नाचत्यात! आमच्या ह्यांची रातपाळी, आत्ता कुठं डोळा लागला व्हता."

"अगं, गिरणी चालायची तेव्हा काही बोलली नाहीस."

"गिरणी पोटासाठी व्हती. ही कशासाठी सोसू?"

तिचंही खरं होतं. तिच्या स्वयंपाकघराची आणि त्या खोलीची भिंत एकच. म्हणून मिस्त्रींना बोलावलं.

त्यांनी टकटक केली, कान लावला, बराच वेळ उभे राहिले. "ही भित लई बोलकी हाय आक्का. हिच्याम्होरं दुसरी उभी करू, लाकडाची. पन हिला शिवायची न्हाई."

मुलगा म्हणाला, भिंतीला अंड्यांचे ट्रे लावतात. पोल्ट्रीतून गठ्ठाच आणून टाकला. मिस्त्रींनी एक ट्रे उचलला, उजेडात धरला, खाली ठेवला. "राव, हे कोंबड्यांला परत द्या." दुसऱ्या दिवशी ते बेल्ह्याच्या बाजाराला गेले आणि टेम्पोतून घोंगड्या घेऊन आले. लाकडाच्या भिंतीच्या पोटात भरायला! "मेंढराची लोकर थंडी अडिवती, आवाज काय मोठा लागून गेला? तिकडं खोडदला त्या मोठ्या दुर्बिनीच्या अँटिना आभाळातलं ऐकत्यात म्हनं. आपल्याला एका मंदाताईंला ऐकू जाऊ द्यायचं न्हाई, येवढं बी जमंना व्हय?"

पावसाळी हवेत त्या खोलीत मेंढरं बसल्यासारखा वास यायचा. अजून येतो.

मिस्त्रींचा जीव खरा अडकला तो पट्टीत. भिंत छताला मिळते तिथं चारी बाजूंनी फिरवायची सागाची पट्टी. बाजारात तयार मिळते, पण यांना ती चालेना. स्वतः रंधा मारून तिला तीन वळणं दिली, वर बाजरीची कणसं कोरली. दाणा न् दाणा मोजून घ्यावा अशी. "गिरनीची खोली हाय ही. धान्याची आठवन पायजे," म्हणाले. पट्टी बसली आणि आम्ही माना वर करून बघतच राहिलो.

मग परीक्षा. आम्ही खोलीत, मिस्त्री मंदाच्या स्वयंपाकघरात, भिंतीला कान लावून. दार लावलं, आवाज शेवटपर्यंत नेला. थोड्या वेळानं मिस्त्री आले ते तोंड पाडून. मागून मंदा.

"आधी भांडी नाचायची काकू, आता नुसती लाजत्यात!"

मिस्त्री हसले नाहीत. स्टुलावर चढले, पट्टीवर टकटक करत चारी भिंती फिरले आणि एका कोपऱ्यात थांबले. "खिळं," म्हणाले. पट्टी देखणी बसावी म्हणून त्यांनी लांब खिळे ठोकले होते. ते लाकडातून, घोंगडीतून थेट मंदाच्या भिंतीत गेले होते. आवाजाला पलीकडे जायला पूल मिळाला. जिचा एवढा अभिमान, त्या पट्टीनंच दगा दिला.

मी म्हटलं, "राहू द्या मिस्त्री. आवाज जरा कमी ठेवू."

ते माझ्याकडे बघतच राहिले. "आवाज कमी केला तर दादांला काय ऐकू येनार? मंग ही खोली कशापायी, आक्का?"

आणि कुणी न सांगता सगळी पट्टी उतरवायला घेतली. एकेक खिळा जपून, कणसाचा एक दाणा न दुखवता. आठ दिवस गेले. खिळे काढताना ते सारखे थांबायचे, पट्टीवर तळहात ठेवायचे, कसलासा विचार करायचे.

एके दुपारी ढोलकी चालू होती आणि हे कोपऱ्यात बसले होते. मिस्त्रींनी उतरवलेली एक लांब पट्टी घेतली. तिचं एक टोक त्या मोठ्या डब्यावर टेकवलं, दुसरं ह्यांच्या हातात दिलं. ह्यांनी आधी पट्टीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"अगं, हाताला ऐकू येतंय!"

"खिळ्यांनी शिकवलं आक्का," मिस्त्री म्हणाले. "भिताडाला जे ऐकू जातंय, ते दादांला का जाऊ नये?"

मग भिंतीवरची पट्टी आखूड स्क्रूंनी फक्त लाकडावर बसली. आणि ह्यांच्या खुर्चीपाशी एक वेगळी पट्टी आली, डब्यापासून हाताखालपर्यंत. ती कुठल्याही भिंतीला शिवत नव्हती. स्वतःच्या पायांवर उभी, पायांखाली जुन्या टायरचं रबर. तिच्यावरही कणसं.

पहिल्या दिवशी आळीतली दहा-बारा माणसं बसली होती. ढोलकी सुरू झाली. ह्यांचा डावा हात पट्टीवर, उजव्या हाताची बोटं मांडीवर ताल धरत होती. तोडा संपला, सगळ्यांनी टाळी वाजवली. ह्यांनीही वाजवली. तेव्हाच. उशिरा नाही! मी पदर डोळ्याला लावला.

मिस्त्री मात्र आमच्यात नव्हते. कार्यक्रम संपल्यावर पलीकडून धावत आले. "काय बी ऐकू आलं न्हाई! लई भारी!"

"दोन कप चहा झाला, मान वाकडी झाली, तरी कान काढंनात," मंदा म्हणाली.

त्यानंतर ओतूरला आले की ते आधी तिच्याकडे जायचे. ती आम्हाला हाक मारायची, आम्ही ढोलकी लावायची, मिस्त्रींनी कान टेकायचा. काही ऐकू आलं नाही की खूष होऊन सायकलवर टांग. मी कितीदा म्हटलं, एकदा आत बसून ऐका की. तर म्हणायचे, "माझं थेटर पलीकडं हाय, आक्का." भिंतीच्या चुन्यावर त्यांच्या केसांच्या तेलाचा गोल डाग पडला. मंदानं दोन दिवाळ्यांना घर रंगवून घेतलं, पण तेवढा डाग सोडून.

मग एका सकाळी डिंगोऱ्याहून निरोप आला. रात्री झोपले ते उठलेच नाहीत. ह्यांना मी कागदावर लिहून दाखवलं. ह्यांनी कागद वाचला, घडी करून खिशात ठेवला. संध्याकाळी खोलीत गेले, दार लावून घेतलं.

मी मंदाकडे गेले. तिनं न विचारता मांडणीपुढचे डबे बाजूला केले. डाग माझ्या डोक्याच्या वर होता, म्हणून पाट घेतला. कानातली कुडी काढून पदराच्या गाठीत बांधली. वाकड्या बोटानं टकटक केली आणि डागावर कान टेकवला.

पलीकडे ढोलकी कडाडत असणार.

"येतंय का काही, काकू?" मंदानं विचारलं.

मी हात वर केला.