त्सुनेबाईंचा टब

"सही करणार नाही म्हणजे नाही!"

"आई, टब आपल्या घरचा, म्हणून तुझी सही लागते. फलक चार वाजता छापायला जायचाय. चार!"

"मग मजकूर बदल. अजून तीन तास आहेत."

"संग्रहालयाच्या अख्ख्या समितीने पास केलाय तो."

"त्या समितीतल्या एकाने तरी आयुष्यात स्वतःची पँट धुतलीय का, विचारून ये जा."

केनची स्वतःची पँट त्या वेळी मोरीत टोपात भिजत होती. सकाळभर नदीत उभं राहून त्याने पर्यटकांना सोनं कसं चाळायचं ते शिकवलं होतं. चिखलाने माखून घरी आला, तेव्हा आईने, विमलने, आधी पँट काढून घेतली आणि मग भांडायला सुरुवात केली. आता तो वडिलांच्या जुन्या पायजम्यात स्वयंपाकघरात उभा होता. गावच्या कचेरीतला पर्यटन अधिकारी, आणि पायजमा घोट्याच्या वर चार बोटं.

विमलला भांडताना एका जागी बसता येत नसे. खरं तर एरवीही येत नसे. गिरगावची ही मुलगी एका ट्रेडिंग कंपनीच्या तीन वर्षांच्या पोस्टिंगवर टोकियोला आली काय, हारुओशी लग्न केलं काय, आणि 'दोन हिवाळे राहून बघू' म्हणत होक्काइदोच्या पार उत्तरेच्या त्याच्या गावी आली काय! त्याला चौतीस वर्षं झाली. अजूनही थंडीच्या तोंडावर ती बॅग कपाटातून काढायची, पुसायची आणि पुन्हा आत ठेवून द्यायची. हारुओ गेला त्या वर्षीही तेवढंच केलं.

"वाच परत," ती ओट्यापासून दारापर्यंत जात म्हणाली. "मोठ्याने."

केनने कागद उचलला. "'सव्वाशे वर्षांपूर्वी या नदीत सोनं सापडल्याची बातमी पसरली. पहिल्या रहिवाशांपैकी योसाकू यांनी याच टबात सोनं धुऊन—'"

"थांब. सोनं कशात चाळतात? सकाळी काय दिलंस लोकांच्या हातात?"

"पाटी. उथळ लाकडी पाटी."

"आणि हा टब किती खोल?"

केन जपानीत काहीतरी पुटपुटला. चिडला की तो जपानीत शिरे; विमल मात्र मराठी सोडत नसे.

"मराठीत बोल. त्या टबाची एकच कड का झिजलीय? कपडे घासायची फळी तिथे टेकायची म्हणून. तुम्ही धुण्याचा टब काचेत ठेवलात आणि त्यावर पुरुषाचं नाव लिहिलंत!"

टब धुण्याचा होता हे विमलला तिच्या सासूबाईंनी सांगितलं होतं, आणि त्यांना त्यांच्या सासूने, म्हणजे खुद्द त्सुनेबाईंनी. त्सुने नवऱ्याच्या, योसाकूच्या मागून इथे आली तेव्हा अठरा वर्षांची होती. नदीकाठी नुसते तंबू; त्यात शे-दोनशे पुरुष, गुडघाभर पाण्यात दिवसभर वाकलेले. योसाकू तीन उन्हाळे वाकला. जे मिळालं ते दारूत गेलं. त्सुनेने तंबूपुढे टब मांडला आणि सांगून टाकलं, कपडे फुकट धुऊन देईन, पण पाणी माझं मी ओतणार. लोक तिला साधी-भोळी समजले. बाह्यांच्या दुमडींतून, खिशांच्या शिवणींतून नदीची वाळू टबात उतरायची. माणसं झोपली की ती तळचा गाळ पाटीत घेऊन बसायची. गावातलं पहिलं पत्र्याचं छप्पर त्या गाळातून उभं राहिलं. गावाने म्हटलं, योसाकूचं घर.

"याला पुरावा काय, आई? लिखित काही?"

"योसाकूचा कुठे आहे?"

"त्याचा फोटो आहे."

"हो. हातात पाटी धरलेला. ती तरी सरळ धरायची ना."

केनला हसू आलं. ते त्याने गिळलं. मग जे बोलायला नको होतं तेच बोलला. "खरं सांगू? तुला त्सुनेचं पडलेलं नाहीये. बाबांची खानावळ तू चालवलीस आणि दारावरच्या पाटीवर बाबांचं नाव राहिलं, तो राग आहे हा."

विमल दारातच थांबली. एवढ्या वेळात पहिल्यांदा थांबली.

मग मोरीत गेली. पँट पिळली, खिसे उलटे करून पाण्यात झटकले, शिवणींवरून अंगठा फिरवला. पांढऱ्या प्लास्टिकच्या टोपातलं पाणी तिने तिरकं करत, अगदी सावकाश ओतलं. तळाशी चमचाभर काळी वाळू उरली. टोप तिने आणून टेबलावर, फलकाच्या मजकुरावरच ठेवला.

"मजकूर बदलला नाहीस, तर टब आजच घरी आणीन."

"आई, उद्या उद्घाटन आहे! मोकळ्या काचेपुढे मी काय बोलू?" बोलता बोलता केनची नजर टोपात गेली. तो वाकला. खिडकीतलं ऊन पाण्यावर हललं, आणि काळ्या वाळूत मोहरीच्या निम्म्याहून लहान असं काहीतरी पिवळं लुकलुकलं.

"अभ्रक असेल," तो म्हणाला. मग बोटाने ढकलून पाहिलं. अभ्रक तरंगत सरकलं असतं; हे जागचं हललं नाही.

विमलने ड्रॉवरमधून संग्रहालयाला टब दिल्याची पावती काढली, गाडीची किल्ली घेतली, मागच्या सीटवर अंथरायला जुनी चादर काखेत मारली. पायात गमबूट चढवले.

"आई, हे सोनं आहे का? आई! बघ ना इकडे, तुला ओळखता येतं."

दार सरकलं. अंगणातल्या खड्यांवर बूट वाजले, मग गाडीचं इंजिन.