धाग्यावरचं वजन

आमच्या ह्यांच्या हातांना काय म्हणावं, मला खरंच कळत नाही. सोळाव्या वर्षी मालवणहून लालबागला आले आणि गिरणीच्या सूतखात्यात लागले. धागा बारीक होताना दिसला की तुटायच्या आत ताण कमी करायचा, एवढं मात्र पक्कं शिकले. संपात गिरणीतली नोकरी गेली. मग सतरा वर्षं वॉचमनकी, हमाली, काय काय केलं. पुढे परळला एका लॅबमध्ये मशीनवर लक्ष ठेवायला लागले. टेंपररी. नऊ वर्षं टेंपररी, मेल्यांनो! यंदा कुठे कायम करायचा कागद निघाला, साहेबांची सही तेवढी बाकी होती.

तिथे मृणालिनी मॅडम कार्बनच्या नळ्यांवर अभ्यास करायच्या. केसाहून हजारो पट बारीक नळ्या, त्या पिळून केलेला काळा धागा. एरवी ताणला तर जरासा लांबून पटकन तुटतो. पण हवा काढलेल्या भट्टीत दोन हजार डिग्रीला तापवला, की तोच धागा लांबतच जातो. तुटेपर्यंत किती लांबतो, तेच मॅडमना मोजायचं होतं. शेवटचा तुकडा उरला होता.

मंगळवारी मॅडम जेवायला गेल्या. "दौलतकाका, नुसतं बघत बसा, कशाला हात लावू नका." बजावून गेल्या हो! ह्यांनी काचेतून पाहिलं, धागा दीडपट लांबलेला, मधे बारीक झालेला. झालं! धाग्याला ताण देणारं भट्टीबाहेरच्या दांडीवरचं वजन उचलून बाजूला ठेवलं. मॅडम आल्या तर हे खुशीत. "वाचवला बघा!"

मॅडम डोकं धरून खालीच बसल्या. ताण मधेच सुटला की ते मोजमाप फुकट; सहा महिन्यांचं काम पाण्यात गेलं.

तरी साहेब भले. म्हणाले, "चूक झाली, पुन्हा होणार नाही, असं दोन ओळी लिहून द्या. मी सही करतो." ह्यांनी साफ नकार दिला.

"अहो, मॅडमना तो तुटायलाच हवा होता!" मी घरी ओरडले.

"माका कळता गो ता. पण माझ्यासमोर धागो तुटूक लागलो तर हात गप कसो रवतलो? चूक कसली ती?"

माझं डोकंच फिरलं. संपानंतर गिरणीवालेही परत घेत होते. संपावर गेलो ही चूक झाली, एवढंच लिहून द्यायचं होतं. शेजारचे तुळशीदास सही करून गेले, हे गेले नाहीत. तेव्हा मला अभिमान वाटला होता. पण आता ह्यांच्या चोपन्नाव्या वर्षी त्या अभिमानाचं मी काय करू?

दुसऱ्या दिवशी मीच कागद घेतला. चूक झाली, असं लिहिलं, खाली ह्यांची सही ठोकली आणि साहेबांना नेऊन दिला.

हे कायम झाले. साहेबांनी तो कागद ह्यांना दाखवला. पाच महिने झाले. मी भरून दिलेला डबा नेतात, पण माझ्याशी एक शब्द बोलत नाहीत.