पाणकणीस आणि अक्काचे तळहात

आमच्या अक्काला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला, पहिला नातू झाला आणि अकरा दिवस तिने त्याला हात म्हणून लावला नाही. लेक बाळंतपणाला तिच्याकडेच, नवनगरला आलेली. डॉक्टर म्हणाले होते, "बाळाला घेण्याआधी हात धुवा." अक्का जी धूत सुटली ती थांबेचना. तळहात सोलवटले, तरी जंतू गेल्याची तिची खात्री पटेना. उद्यावर बारसं आलेलं आणि ही म्हणते, "पाळण्यात तुम्हीच घाला त्याला."

मी विद्यानगरच्या एका कॉलेजात जंतूंच्या प्रयोगशाळेत काम करते आणि मला शिकवायची भारी खुमखुमी. परवाच तिच्या तळहातावरून कापसाचा बोळा फिरवून नेला होता. त्यातून काचेच्या बशीत जे वाढलं, ती बशी झाकण लावून तिला दाखवायला घेऊन गेले.

"हे पांढरे ठिपके बघ. स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस. सगळ्यांच्याच कातडीवर असतो बिचारा."

"अय्यो! एवढे?" अक्का थेट मोरीत.

इतकी वर्षं जंतू वाढवतेय, पण एवढा गाढवपणा कधी केला नव्हता. मी ओशाळून मोरीच्या दारात उभी राहिले. खिडकीतून मागचं तळं दिसत होतं. त्याच्या काठचं पुरुषभर उंच पाणकणीस, ते तपकिरी कणसांचं पाणगवत, गेल्या वर्षी घाण म्हणून कापून टाकलं, आणि कापा म्हणणाऱ्यांत अक्काच पुढे होती.

"अक्का, पाणकणीस काढल्यावर काय झालं गं तळ्याचं?"

"काय व्हायचंय! हिरवी साय धरली की पाण्यावर. डास, वास. गटाराची घाण तेच शोषत होतं म्हणे."

"मग तुझ्या हातावरचं हे पाणकणीसच समज. ते पुरुषभर उंच, हे डोळ्यांना दिसत नाही. त्याला मुळं आहेत, याला नाहीत. पण दोघंही जागा धरून बसतात, म्हणून भलतंसलतं सहज शिरत नाही. बाळाला घेताना एकदा साबण लाव, बास. तू तर दिवसभर कापणीच करतेयस."

अक्काने नळ बंद केला. मग पदराला हात पुसले आणि जाऊन नातवाला उचललं. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू?

थोड्या वेळाने तो भुकेने कुरकुरायला लागला. लेकीने हात पुढे केले.

"थांब की जरा," अक्का म्हणाली, "मी अकरा दिवस थांबले."