छत्री फ्रॉकची भूमिती

कौसल्या येलवे शाळेत शिवण शिकवायची, पण जीव होता तो गणितावर. मॅट्रिकला तिला गणितात वर्गातल्या सगळ्या मुलांपेक्षा जास्त मार्क मिळाले होते. निकाल लागायच्या दोन महिने आधी तिचे वडील भिवा गेले. गिरणीत कार्डिंग खात्यात वीस वर्षं कापसाची धूळ खाल्ली होती, छाती निकामी झाली होती. नायगावच्या बीडीडी चाळीतल्या त्या एका खोलीत मग कॉलेजचं नावही कोणी काढलं नाही. शिवणाचा डिप्लोमा केला की मुलींच्या शाळेत हमखास नोकरी लागते, असं शेजारणीने सांगितलं. कौसल्याने डिप्लोमा केला आणि लालबागच्या एका मुलींच्या हायस्कुलात ती शिवणाच्या बाई म्हणून लागली.

तिची आई कमलाबाई दुसऱ्या गिरणीत सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात होती. छप्पन साली तिच्या गिरणीत नवी मशिनं आली आणि खात्यातल्या चाळीस बायकांना एका दुपारी घरी पाठवलं. कमलाबाई घरी आली, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "मुकादम बोलला, हे मशीन बायांना जमायचं नाही."

"कोणी शिकवून बघितलं होतं का तुम्हाला?"

"कोण शिकवतंय! नुसतं सांगितलं."

हे "नुसतं सांगितलं" कौसल्याच्या डोक्यात रुतून बसलं. शाळेतही तेच चाललं होतं. परीक्षेला मुलींनी बीजगणित-भूमितीऐवजी साधं अंकगणित आणि गृहशास्त्र घेतलं तरी चालत असे. सवलत होती ती. पण शाळेने त्या सवलतीचा नियमच करून टाकला होता. आठवीपासून मुलींना भूमिती नाही, पदार्थविज्ञान नाही. त्या तासांना शिवण, भरतकाम आणि पाकशास्त्र. कोणत्या मुलीला काय जमेल, हे आजवर कोणी विचारलं नव्हतं.

सत्तावन्न सालच्या एप्रिलमध्ये शाळेत एक परिपत्रक आलं. मे महिन्याच्या सुट्टीत दादरला शिक्षकांसाठी गणित आणि विज्ञानाचा वर्ग, महिनाभर. प्रत्येक शाळेने एक शिक्षक पाठवायचा. कौसल्या ते वाचून सरळ हेडमास्तर चिंतामणरावांच्या खोलीत गेली.

"सर, मी जाते."

चिंतामणराव मनाने वाईट नव्हते, पण त्यांची मतं लोखंडी कपाटासारखी होती, एकदा ठेवली की हलायची नाहीत. चष्मा काढत ते म्हणाले, "बाई, तुमचा विषय शिवण. शिवाय आपल्या शाळेत उच्च गणित नाहीच. कोणालाच पाठवायचं नाही, असं मी कळवलंय."

"मग जागा रिकामीच आहे ना?"

"जागा रिकामी आहे म्हणून कोणीही बसायचं नसतं."

"बसल्याशिवाय कळणार कसं, कोणाला बसता येतं ते?" कौसल्या म्हणाली आणि बाहेर आली.

मे महिन्याच्या पहिल्या सोमवारी ती दादरच्या त्या वर्गात जाऊन बसली. चाळीस शिक्षक, सगळे पुरुष. वर्ग घेणारे वाळिंबे सर निवृत्त झालेले, काठीसारखे उभे, तोंडाने फटकळ. त्यांनी हजेरी घेतली आणि मान वर केली.

"तुम्ही कोण?"

"कौसल्या येलवे. लालबागहून आले."

"यादीत नाही तुम्ही."

"नाही. पाठवलेलं नाही मला. मीच आलेय."

कोणीतरी खुदकन हसलं. "शिवणाच्या बाई आहेत त्या," ओळखीचा एक मास्तर मागून बोलला. वाळिंबे सर म्हणाले, "प्रमाणपत्र मिळणार नाही. आणि मला मध्येमध्ये शंका विचारलेल्या आवडत नाहीत."

"मला आल्या तर विचारीन," कौसल्या म्हणाली.

पहिले दहा दिवस तिच्याशी कोणी धड बोललं नाही. ती शेवटच्या बाकावर बसायची, लिहून घ्यायची आणि संध्याकाळी चाळीच्या गॅलरीत बसून सगळं पुन्हा सोडवायची. अकराव्या दिवशी वर्तुळाचा परीघ निघाला. वाळिंबे सर म्हणाले, "परीघ आणि त्रिज्या. घोकंपट्टी नको. हे पोरांच्या हाताला लागेल असं कोण शिकवून दाखवतो?" एकाने बैलगाडीचं चाक काढलं, दुसऱ्याने रुपयाचं नाणं. सर वैतागले. "परळच्या पोराने बैलगाडी कधी पाहिली? पुढे बोला."

कौसल्या उठली. तिने पिशवीतून कात्री आणि मेजरटेप काढली, टेबलावरचं वर्तमानपत्र उचललं आणि त्याची चौपदरी घडी घातली.

"छत्री फ्रॉक," ती म्हणाली. "घेर पूर्ण गोल, मध्ये कमरेचं भोक. मुलीची कंबर बावीस इंच आहे. घडीच्या कोपऱ्यापासून किती इंचांवर कापायचं? शिंपी सांगतात, कमरेला सहाने भागा." तिने तसं कापलं, कागद उलगडला आणि भोकाच्या कडेने टेप फिरवली. "तेवीस आलं. फ्रॉक इंचभर ढगळ झाला. वर्षानुवर्षं तो ढगळच होतो आणि शिंपी चुण्या घालून तो इंच लपवतात. का? कारण सहाने नाही, सहा पूर्णांक दोन सप्तमांशाने भागायला हवं. बावीसला तसं भागलं की येतात बरोबर साडेतीन." दुसरा कागद कापला, टेप फिरवली. बावीस.

वाळिंबे सरांनी तो कागद हातात घेतला, स्वतः टेप फिरवून पाहिली. मग त्यांनी हजेरीपटात आपल्या पेनने सगळ्यात खाली एक नाव लिहिलं. "उद्यापासून पुढच्या बाकावर बसा, येलवेबाई," ते म्हणाले. महिनाअखेरीला चाळीसऐवजी एकेचाळीस प्रमाणपत्रं निघाली.

जूनमध्ये शाळा उघडली. प्रमाणपत्र टेबलावर ठेवून कौसल्या म्हणाली, "सर, नववीच्या मुलींना बीजगणित-भूमिती शिकवते. मला वेगळा पगार नको."

चिंतामणरावांनी प्रमाणपत्र वाचलंसुद्धा नाही. "वेळापत्रकात तास नाही. तुम्हाला आठवड्याला पाच तास शिवण आहे, ते शिकवा."

"बरं," कौसल्या म्हणाली. "शिवणाच्याच तासाला शिकवीन."

त्यांना वाटलं, बाईंनी ऐकलं. बाई जे बोलल्या तेच त्यांनी केलं. पहिल्या दिवशी छत्री फ्रॉक, दुसऱ्या दिवशी बाहीचा तिरका काप आणि त्यातून त्रिकोण. कळीचा घागरा आला तेव्हा कोन आले. कापड किती लागेल हे काढताना अक्षरं आली, क्ष आणि य. मुलींना कळेपर्यंत त्या समीकरणं सोडवायला लागल्या होत्या. शिवणाच्या वह्यांत टीप आणि हेमचे नमुने होते, पण पाठीमागच्या पानांवर प्रमेयं होती. आठवीचं राहिलेलंही भरून काढायचं होतं, म्हणून शाळा सुटल्यावर तासभर मुली थांबायच्या.

नलू नावाची मुलगी सगळ्यांत पुढे होती. तिचा बाप धोंडू, मालवणकडचा, गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवायचा आणि मुंबईसह महाराष्ट्र मागणाऱ्या समितीच्या मोर्चात हमखास पहिल्या रांगेत असायचा. त्या दिवसांत लालबाग-परळात एक भिंत कोरी नव्हती. गोळीबारात गेलेल्यांची नावं लोकांच्या तोंडी होती. नोव्हेंबरात मोर्चा ठरला आणि मोर्चाच्या पुढे दहा फुटी कापडावर महाराष्ट्राचा नकाशा न्यायचं ठरलं. नेमका पेंटर आदल्या आठवड्यात पकडला गेला. धोंडू घरी चरफडत बसला होता. नलू म्हणाली, "बाबा, आम्ही काढतो."

"तुमी? चेडवां?" धोंडूच्या मते हे पोरींचं काम नव्हतं.

"इंचाला फूट घ्यायचं. बाईंनी शिकवलंय."

पण नकाशाच्या पुस्तकात महाराष्ट्र नव्हताच. होतं ते गुजरातसकट थोरलं द्विभाषिक राज्य. कौसल्याने मुलींना एकेक मराठी जिल्हा वेगळा काढून जुळवायला लावला. विदर्भ आणला, मराठवाडा आणला, बेळगाव-कारवारही धरलं. पुस्तकावर पेन्सिलीने इंचाच्या चौकटी, चाळीच्या गच्चीवर पसरलेल्या कापडावर खडूने फुटाच्या. सात मुली दोन दिवस गुडघ्यांवर रांगत होत्या. धोंडू बघायला आला आणि खवळला.

"मुंबय एवढीशी? तीन बोटांची? हिच्यासाठी माणसां मेली आणि तू तीन बोटांची काढतंस? मोठी कर."

"मापात येते तेवढीच येईल," नलू म्हणाली. खडू तिने सोडला नाही. "मोठी काढली तर नकाशा खोटा होईल, बाबा. मग ते म्हणतील, यांचं सगळंच खोटं. हवं तर लाल रंगवते."

धोंडूने खाली बसून ती तीन बोटं स्वतः मोजली. "लालच रंगव," तो म्हणाला.

मोर्चा लालबागहून निघाला तेव्हा नकाशाची वरची काठी दोन मुलींच्या हातात होती. ते शाळेच्या संस्थेच्या अध्यक्षांनी पाहिलं. आठवड्याभरात कौसल्याला मेमो आला. आरोप एक, शिवणाच्या तासाला मंजूर नसलेला विषय शिकवणे. आरोप दोन, विद्यार्थिनींचा राजकीय कामात वापर. आठ दिवसांत खुलासा द्या, नाहीतर सेवा समाप्त.

चिंतामणरावांनी तिला बाजूला घेतलं. "माफी लिहून द्या, मी मिटवतो. तुमच्या समाजातून इथवर येणं सोपं नाही, ते घालवू नका." त्यांना वाटलं, आपण मायेने बोललो.

कौसल्याच्या मस्तकात तिडीक गेली. सारं घर आदल्या डिसेंबरात, दादर चौपाटीवर त्या अफाट गर्दीत, बौद्ध झालं होतं. माफी मागण्याचे दिवस तिने तिथेच मागे टाकले होते.

"सर, मी इथवर आले ते गणित करत आले. कोणी आत सोडलं म्हणून नाही."

घरी तिने आईला मेमो वाचून दाखवला. कमलाबाईने ऐकून घेतलं आणि विचारलं, "पोरींना येतंय का ते, तू शिकवतेस ते?"

"येतंय."

"मग काय लिहायचं ते लिही. मी खानावळीत पोळ्या लाटीन."

कौसल्याने खुलासा दोन ओळींचा लिहिला. पहिला आरोप मान्य आहे. दुसऱ्याबद्दल, नकाशा मुलींनी आपण होऊन काढला आणि तो मापात बरोबर आहे, कोणालाही तपासता येईल.

जानेवारीत संस्थेने पालकांची सभा बोलावली. कल्पना अशी, की पालकच तक्रार करतील आणि बाईंना काढणं सोपं जाईल. अध्यक्षांनी भाषण केलं. मुलींना पुढे संसार करायचा आहे, अवघड गणिताने त्यांच्या डोक्यावर ताण येतो, वगैरे. मग विचारलं, "कोणाची काही तक्रार?"

धोंडू उठला. साच्यावरून थेट आलेला, केसांत अजून कापूस.

"माका लिवक-वाचूक येना नाय," तो म्हणाला. "पण एक समाजता. दिल्लीवाले सांगतत, मुंबय तुमची न्हय. तुमी सांगतास, गणित तुमच्या चेडवांचा न्हय. मगे आमचा हा तरी काय? साचे? ते पण तुमचेच."

मागून कोणीतरी टाळी वाजवली. अध्यक्ष म्हणाले, "इथे राजकारण नको." तेवढ्यात शांताची आई उभी राहिली. शांता वर्गातली सगळ्यांत हळू मुलगी, आणि तिची आई कमलाबाईबरोबरच वाइंडिंगमधून घरी बसलेली. "आम्हाला पण बोलले होते, बायांना जमायचं नाही," ती म्हणाली. "आम्ही तेव्हा गप बसलो. आता नाही बसणार. बाईंना काढलंत तर माझी पोर शाळेत येणार नाही."

एकामागून एक पालक उठले. तक्रार एकाचीही निघाली नाही. शेवटी चिंतामणराव कोरड्या आवाजात म्हणाले, "जूनपासून दहावीला तास ठेवू. ऐच्छिक." हरल्यासारखे बोलले, पण बोलले. मेमो फाइलीत राहिला, मागे घेतला नाही. कौसल्यानेही मागे घ्या असं म्हटलं नाही.

साठ सालच्या मार्चमध्ये, अकरावीच्या शेवटी, सात मुली बीजगणित-भूमिती घेऊन एसएससीला बसल्या. मे महिन्यात महाराष्ट्र झाला, लालबागला घराघरांवर दिवे लागले, आणि जूनमध्ये निकाल आला. सहा पास. नलूला गणितात शंभरात ब्याऐंशी. ती माटुंग्याच्या कॉलेजात सायन्सला गेली. शांता भूमितीत नापास झाली. चार मार्कांनी.

एव्हाना कौसल्या दर शनिवारी दुपारी परळला एक वर्ग घेत होती. तो मुलींचा नव्हता, शिक्षिकांचा होता. भायखळा, वडाळा, माहीम, जिथून येतील तिथून शिवणाच्या, चित्रकलेच्या, गृहशास्त्राच्या बाया यायच्या. अकरा जणींवर सुरू झाला, वर्षात तीस झाल्या. कात्री, रांगोळी, चुलीवरचं आधण, जे हाताशी असेल त्यातून गणित आणि विज्ञान कसं काढायचं, ते त्या शिकायच्या आणि आपापल्या शाळेत जाऊन हेडमास्तरांशी भांडायच्या.

निकालानंतरच्या शनिवारी वर्ग सुरू होता. दार ढकलून शांता आत आली. डोळे सुजलेले होते, पण मान ताठ होती.

"बाई, बाबा म्हणतात, झालं तेवढं बस. आता लग्न."

"आणि तू काय म्हणतेस?"

"मी ऑक्टोबरचा फॉर्म आणलाय. सही मीच केली." तिने घडी केलेला कागद टेबलावर ठेवला. "पण वर्तुळावरची प्रमेयं मला अजून कळत नाहीत."

तीस बाया वळून तिच्याकडे पाहत होत्या. कौसल्याने हातातला खडू तिच्यापुढे धरला.

"फळ्यावर काढ," ती म्हणाली. "कुठे अडतेस ते आम्हाला सगळ्यांना दाखव. आम्हालाही शिकायचंय, अडलेल्या मुलीला कसं शिकवायचं ते."